‘वरून आदेश होता’ : नकाराबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रस्त्यावर डांबर पडलेले नसताना मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी भरायला कनिष्ठ अभियंत्याला सांगितले जाते. एप्रिलमधील खरेदीचे बिल मार्चच्या तारखेने चढवायला लेखापालाला सांगितले जाते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला पाण्याचा नमुना ‘पिण्यायोग्य’ दाखवायचा असतो, तर परीक्षेच्या वर्गातील पर्यवेक्षकाला कॉपीकडे पाठ फिरवायची असते. अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ‘सही करून मोकळे व्हा, वरचे बघून घेतील,’ हा त्यातला नेहमीचा सल्ला. वर्षानुवर्षे तोंडोतोंडी चालत आलेले हे सल्ले बहुतांशी ना कायद्याच्या कसोटीला उतरतात, ना नीतीच्या. त्यांवर विश्वास ठेवणारी माणसे वाईट नसतात. घर चालवायची काळजी आणि चुकीची माहिती या दोन गोष्टी एकत्र आल्या की कोणाचीही फसगत होऊ शकते. म्हणून यातला एकेक समज तपासून पाहायला हवा.

गैरसमज १ : आदेश वरिष्ठांचा, म्हणून जबाबदारीही वरिष्ठांचीच.

या समजाचे मूळ कायद्यातल्याच एका उदाहरणात आहे. सैनिक वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडतो आणि तो गुन्हा ठरत नाही, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये म्हटले आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ७६ मध्येही हेच होते. मात्र हे उदाहरण लोकांच्या अर्धेच लक्षात राहते. हुकूम कायद्याला धरून असला पाहिजे, ही अट त्याच वाक्यात आहे. वस्तुस्थिती समजण्यात प्रामाणिक चूक झाली तर हे कलम मदतीला येते. ‘हे बेकायदा आहे हे ठाऊक नव्हते’ ही सबब त्यात बसत नाही. मुंबईत वर्सोवा येथे २००६ मध्ये झालेल्या बनावट चकमकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला दिला. अशा चकमकीचा हुकूम नाकारणे हे पोलिसाचे कर्तव्यच आहे, आणि तो पाळला तर खुनाचा खटला चालेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने या प्रकरणात १३ पोलिसांना दोषी ठरवले. नोकराच्या चुकीची नुकसानभरपाई मालकाला द्यावी लागते, या दिवाणी तत्त्वामुळेही हा समज बळावतो. पण भरपाई वेगळी आणि शिक्षा वेगळी. गुन्ह्याची शिक्षा ज्याची त्यालाच भोगावी लागते.

गैरसमज २ : नोकरी जाण्याची भीती हा नाइलाज आहे, आणि नाइलाजाने केलेले माफ असते.

भीती खरी असते, म्हणून हा समज पटतो. कर्जाचे हप्ते आणि मुलांची फी डोळ्यांसमोर असताना माणसाला खरोखरच दुसरा मार्ग दिसत नाही. कायदाही दबाव मानतो, पण त्याची रेषा फार वरच्या पातळीवर आखलेली आहे. न्याय संहितेच्या कलम ३२ नुसार, ऐकले नाही तर त्याच क्षणी मृत्यू येईल अशी रास्त भीती वाटावी, इतकी गंभीर धमकी असेल तरच बचाव मिळतो. खून आणि देहदंडास पात्र असलेले राज्याविरुद्धचे गुन्हे यांना तोही मिळत नाही. बदली, मेमो, खराब गोपनीय अहवाल किंवा बडतर्फी यांपैकी काहीही या व्याख्येत बसत नाही. अशा दबावाचा विचार न्यायालय शिक्षा ठरवताना करू शकते, पण दोष त्यामुळे पुसला जात नाही. न्यूरेंबर्ग खटल्यांतून निघालेल्या आणि १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने शब्दबद्ध केलेल्या तत्त्वांतही हीच कसोटी आहे : नैतिक निवड करणे प्रत्यक्षात शक्य होते का? नोकरी गमावण्याची किंमत मोठी आहे. तरीही निवड शिल्लक असते.

गैरसमज ३ : फक्त याच वेळी करायचे आहे, पुढच्या वेळी सगळे सुरळीत होईल.

सांगणाऱ्याचाही अनेकदा यावर विश्वास असतो, म्हणून हे वाक्य ऐकणाऱ्याला पटते. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीत २००० साली लेखा विभागातील एका मधल्या फळीच्या अधिकारी स्त्रीला खर्च कमी दाखवणाऱ्या नोंदी करायला सांगण्यात आले. तिने हरकत घेतली आणि राजीनाम्याचा विचारही केला. हे एकदाच, अशी वरिष्ठांनी समजूत घातल्यावर ती थांबली. त्यानंतर प्रत्येक तिमाहीला तेच घडत गेले. २००२ मध्ये कंपनी कोसळली, आणि २००५ मध्ये या स्त्रीला ५ महिन्यांचा तुरुंगवास झाला. पैसा तिच्या खिशात गेला नव्हता आणि योजनाही तिची नव्हती. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी जे म्हटले त्याचा आशय असा की, तिने नकार दिला असता तर हा कट कदाचित सुरुवातीलाच मोडला असता. पहिली खोटी नोंद झाली की ती झाकण्यासाठी दुसरी लागते. शिवाय पहिल्या नोंदीवर सही असलेला माणूस दुसऱ्या वेळी नकार द्यायला अधिक घाबरतो. नकार सर्वांत सोपा असतो तो पहिल्याच वेळी.

गैरसमज ४ : आपला वाटा एका सहीपुरता, एवढ्याशा कामाने कोणी गुन्हेगार होत नाही.

मोठ्या यंत्रणेत काम तुकड्यांत वाटलेले असते. कोणी मोजमाप लिहितो, कोणी तपासतो, कोणी बिल मंजूर करतो, कोणी धनादेश काढतो. आपापला तुकडा निरुपद्रवी दिसतो. पण सामाईक हेतू, कट आणि चिथावणी यांच्या तरतुदी नेमक्या याच रचनेसाठी आहेत. हेतू ठाऊक असताना हातभार लावला असेल, तर वाट्याचा आकार बचाव ठरत नाही. सत्यम घोटाळा २००९ मध्ये उघड झाला. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या १० जणांत संस्थापकांबरोबर लेखापरीक्षक आणि वित्त विभागातले कर्मचारीही होते. त्या निकालाविरुद्ध पुढे अपिले झाली. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत प्रदूषण चाचणी फसवणारे सॉफ्टवेअर बसवले गेले, त्या प्रकरणात २०१७ मध्ये डेट्रॉइटच्या न्यायालयाने एका अभियंत्याला ४० महिन्यांचा कारावास सुनावला. तो कंपनीचा मालक किंवा संचालक नव्हता. सोपवलेले तांत्रिक काम त्याने केले होते, आणि ते कशासाठी आहे हे त्याला ठाऊक होते.

गैरसमज ५ : आपण नाही केले तर दुसरा कोणी करेलच, मग नकाराचा उपयोग काय?

हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो, आणि कधी कधी भाकीत म्हणून खराही ठरतो. पण दुसरा काय करेल हे त्याच्या वागण्याबद्दलचे विधान आहे. स्वतःच्या कृत्याचे समर्थन त्यातून निघत नाही. तसे निघत असते, तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवून मोकळा झाला असता आणि जगातल्या कोणत्याही अन्यायाला कर्ता उरला नसता. दुसरे असे की, नकार निष्फळ असतो हे गृहीतकच कच्चे आहे. एका माणसाने लेखी हरकत घेतली की पुढच्या माणसाला ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणता येत नाही. फाइलवर प्रश्न उभा राहतो, लेखापरीक्षणात तो सापडतो, आणि बेकायदा कामाची जोखीम वाढते. अनेक घोटाळे सर्वांनी होकार दिला म्हणून चालतात, आणि पहिला नकार आला की अडखळतात.

गैरसमज ६ : आदेश नाकारणे म्हणजे शिस्तभंग.

शिस्तीशिवाय कोणतेही कार्यालय चालत नाही, म्हणून या समजाला वजन आहे. औद्योगिक आस्थापनांसाठीच्या १९४६ च्या कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांत हेतुपुरस्सर अवज्ञा हे गैरवर्तन मानले गेले, पण तिथली शब्दयोजना काटेकोर होती : वरिष्ठाच्या ‘कायदेशीर आणि वाजवी’ आदेशाची अवज्ञा. ही दोन विशेषणे वगळून नियम सांगितला की गैरसमज तयार होतो. मात्र याची दुसरी बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. गैरसोयीचा आदेश आणि बेकायदा आदेश या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बदली झाली तर आधी रुजू व्हावे आणि मग दाद मागावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये गुजरात वीज मंडळाच्या प्रकरणात घेतली आहे. जादा काम, नावडता विभाग, पटत नसलेले धोरण ही नकाराची कारणे होत नाहीत. खोटी नोंद, लाच, पुराव्याशी छेडछाड, कोणाच्या जिवाला धोका ही कारणे होतात. हा भेद सांभाळला तर नकार भक्कम राहतो.

गैरसमज ७ : तोंडी आदेश लेखी मागणे हा उद्धटपणा, आणि तो लेखी मिळालाच तर मग चिंता नाही.

यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत. केंद्रीय नागरी सेवेच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत, तोंडी निर्देश शक्यतो टाळावेत, आणि तोंडी सूचना मिळाल्यास कर्मचाऱ्याने लेखी पुष्टी मागावी. ती देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही लेखी निर्देश घेण्याची अपेक्षा आहे. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर २०१३ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, असे बजावले. म्हणजे लेखी मागणारा कर्मचारी नियमच पाळत असतो. अनेक बेकायदा आदेश कागदावर येण्याची वेळ आली की आपोआप मागे घेतले जातात. पण आदेश लेखी मिळाला म्हणून तो कायदेशीर होत नाही. कागदामुळे आदेश कोणी दिला हे सिद्ध होते. पाळणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

गैरसमज ८ : खाल्ल्या मिठाला जागले पाहिजे.

निष्ठा हा खरा सद्गुण आहे, म्हणून या समजाशी झगडणे सर्वांत अवघड. प्रश्न एवढाच की निष्ठा कोणाशी? पगार संस्थेकडून मिळतो आणि तो कामाचा मोबदला असतो; अपराधात साथ देण्याचा विसार नसतो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३ सांगते की, ज्याचा हेतू बेकायदा, फसवणुकीचा किंवा लोकहिताविरुद्ध आहे तो करार निरर्थक ठरतो. म्हणून ‘सांगितलेले सर्व काम करीन’ या हमीत बेकायदा काम येत नाही. मराठी इतिहासात याचे उदाहरण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकूम पाळणाऱ्या गारद्यांपैकी जे पुढे हाती लागले त्यांना देहदंड झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र सत्ता हाती असलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि पद सोडले. पेशव्यांच्या मिठाला गारदी जागले की रामशास्त्री, याबद्दल महाराष्ट्राचा निर्णय केव्हाच झालेला आहे.

गैरसमज ९ : नकार हा साहेबलोकांचा विषय, हातावर पोट असणाऱ्याला तो हक्क नाही.

मजुराचा नकार महागात पडतो, एवढे यात खरे आहे. हक्क नाही हे मात्र खोटे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ७ गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, कामाला लावण्यास मनाई करते. संरक्षक साधने आणि सुरक्षेचे नियम यांशिवाय मॅनहोलमध्ये उतरायला नकार देणारा कामगार कायद्याच्या बाजूला उभा असतो, आणि त्याला उतरायला लावणारा कंत्राटदार कायद्याच्या विरुद्ध. हाच निकष मधल्या मुकादमालाही लागू होतो. ‘मी फक्त निरोप दिला’ असे म्हणून त्याला सुटता येत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण भरपाई मृत्यूनंतर मिळते. नकार जीव वाचवू शकतो. म्हणूनच मुकादमाचा नकार अधिक मोलाचा आहे, कारण त्याची किंमत पेलण्याची ताकद मजुरापेक्षा त्याच्याकडे जास्त असते.

गैरसमज १० : कायद्याने गुन्हा नसेल तर नकाराला आधारच उरत नाही.

कायदा ही नीतीची किमान पातळी आहे, आणि तो पुष्कळदा उशिरा येतो. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला; केंद्राचा कायदा १९९४ चा. त्याआधी मुलीचा गर्भ पाडण्यासाठी चाचणी करून देण्यास नकार देणाऱ्या डॉक्टरकडे कोणतेही कलम नव्हते, तरी त्याचा नकार योग्यच होता. अशा वेळी काही प्रश्न उपयोगी पडतात. या कामाने कोणाचे नुकसान होते आणि त्याची संमती आहे का? ते खोटेपणावर उभे आहे का? ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांच्यासमोर ते उघडपणे सांगता येईल का? आदेश देणारा नुकसान सोसणाऱ्याच्या जागी असता तर त्याने हे मान्य केले असते का? मात्र निव्वळ नैतिक नकाराला कायद्याचे कवच मिळेलच असे नाही. १९३० च्या एप्रिलमध्ये पेशावरात निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळी झाडायला गढवाल रायफल्सच्या सैनिकांनी नकार दिला. त्यांचे नेते चंद्रसिंह गढवाली यांना जन्मठेप झाली. नकार बरोबर होता आणि त्याची किंमतही खरी होती, या दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत.

गैरसमज ११ : ‘मनाला पटत नाही’ एवढे कारण पुरेसे आहे.

सदसद्विवेकबुद्धीचा आदर करणाऱ्यांनाच हा समज सहज पटतो. पण विवेकाच्या नावाने पूर्वग्रहही बोलू शकतो. एखाद्या आरोपीची बाजू कोणत्याही वकिलाने घेऊ नये, असे ठराव काही वकील संघटना करतात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा आणि वकिली व्यवसायाच्या परंपरेविरुद्ध ठरवले. पोलिसांचे सोपस्कार व्हायचे आहेत म्हणून अपघातग्रस्ताला परत पाठवता येणार नाही, जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, असा निर्णय परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये झाला. कसोटी अशी : नकार कृत्याला असावा, माणसाला नसावा. वकिलाने खोटा साक्षीदार उभा करायला नकार द्यावा. आरोपी समाजाला नकोसा आहे म्हणून वकीलपत्र नाकारू नये. डॉक्टरने खोटे प्रमाणपत्र नाकारावे, रुग्ण नाकारू नये.

गैरसमज १२ : सत्य बाजूने असले की कायदा संरक्षण देतोच.

हा समज नकार देणाऱ्याच्या बाजूचा आहे, म्हणून अधिक धोकादायक. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्ते बांधणीतील गैरव्यवहारांची तक्रार पंतप्रधान कार्यालयाकडे केली होती आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही केली होती. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारच्या ठरावाने तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवून केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करण्याची सोय झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण दशक उलटूनही तो अमलात आलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना अंतर्गत तक्रारीची यंत्रणा बंधनकारक केली. लहान खासगी आस्थापनांत ती बहुधा नसते. म्हणून नकार आणि जाहीर तक्रार या वेगळ्या पायऱ्या आहेत, हे लक्षात ठेवावे. नकार देणाऱ्या प्रत्येकाने घोटाळा चव्हाट्यावर आणलाच पाहिजे असे नाही. आपल्या हाताने चुकीचे काम न करणे ही पहिली पायरी, आणि ती स्वतंत्रपणे पुरेशी मोलाची आहे.

या सगळ्यातून नकाराची रीत ठरते. नकार संतापाच्या भरात तोंडी देऊ नये. साध्या भाषेत, एका पानात लिहावे : कोणते काम, कोणी, कोणत्या तारखेला सांगितले, त्यात कोणत्या नियमाचा किंवा कलमाचा भंग होतो, कोणाचे काय नुकसान होईल, आणि त्याऐवजी नियमात बसणारे कोणते काम तातडीने करण्याची तयारी आहे. शेवटी लेखी निर्देशांची विनंती करावी आणि पत्राची पोच घ्यावी. आरोपांची भाषा टाळावी, हेतूंबद्दल तर्क करू नयेत, आणि गंभीर प्रकरणात पत्र देण्यापूर्वी वकिलाचा किंवा संघटनेचा सल्ला घ्यावा.

बेकायदा आदेशाला नकार देणे हा नोकरीशी द्रोह नाही. नोकरीच्या अटींतच तो अंतर्भूत आहे. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांनी असा नकार आला तर तो आधी वाचावा, मेमो नंतर काढावा. आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी असे पत्र लिहीत असेल, तर ‘सही करून मोकळे व्हा’ हा सल्ला त्याला देऊ नये. शक्य असेल तर त्याच पत्रावर आपलीही सही करावी.